खोके की खेळ?

कराडच्या रेल्वे स्थानकावर उतरलात की तुम्ही ओगलेवाडीत असता. 'प्रभाकर' कंदील इथलाच. गावोगाव वीज आली तशी कंदिलाची मागणी ओसरली. पुढे कारखानाही बंद पडला. याच लोहमार्गावर सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली ती वसली ती लोखंडी नांगरांसाठी. आज तिथे पंप बनतात.

माल खपेनासा झाला तर कारखानदाराने काय करावे? व्हिडिओ गेमचे 'एक्सबॉक्स' यंत्र विकणाऱ्या मायक्रोसॉफ्टपुढे आज हाच प्रश्न आहे. असे यंत्र म्हणजे एक संगणकच. ते थोड्या नफ्यावर, कधी तोट्यातही विकायचे आणि कमाई खेळांवर करायची, असा हा धंदा. ग्राहक घटले की खेळ रचणारे फिरकत नाहीत. नवे खेळ नसले की ग्राहक आणखी घटतात. जपानच्या 'सेगा'चे 'ड्रीमकास्ट' याच चक्रात सापडले. २००१ साली सेगाने यंत्रे बनवणे सोडले आणि त्याच वर्षी तिचा 'सॉनिक' प्रतिस्पर्धी निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला! सेगा आजही खेळ बनवते.

माझ्या मते मायक्रोसॉफ्टनेही खोक्याचा मोह सोडावा. पूर्वी सोनीच्या प्लेस्टेशनला न दिलेले काही खेळ ती २०२४ पासून देऊ लागली आहे, ते योग्यच. मात्र लोकांनी आधीच विकत घेतलेले खेळ पुढेही चालतील, ही हमी तिने दिली पाहिजे. जुन्या कंदिलात रॉकेल घातले की तो आजही पेटतो. दूरच्या संगणकाची परवानगी लागणारा खेळ तसा सुरू होत नाही.