पहिलारू कालवडीला वळू कोणता निवडाल?



कालवड माजावर आली की घरात आनंद होतो. दोन-अडीच वर्षे चारापाणी करून वाढवलेले जनावर आता दुधाला येणार! कृत्रिम रेतन करणारा दारी आला की आपण एकच विचारतो, "या वळूच्या आईला दूध किती?" प्रश्न वाजवी आहे. पण पहिल्या वेताला त्याच्या आधी दुसरा विचारावा, "या वळूची वासरे केवढी होतात?"

गाय अडणे म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला सांगायला नको. मध्यरात्र उलटलेली, पाणमोट फुटून गेलेली, खूर दिसतात पण वासरू पुढे सरकत नाही. वासरू तर जातेच, कधी कालवडही हाती लागत नाही. वाचली तरी वार अडकते, गर्भाशय बिघडते, दूध घटते आणि पुढचा माज लांबतो.

आता दुधाचा हिशोब नीट पाहा. या वेतात कालवड जे दूध देईल ते तिच्या रक्तातले आणि तुमच्या चाऱ्यातले. पोटातल्या वासराच्या बापाचा गुण उतरतो तो त्या वासरात. म्हणून पहिल्या वेताला थोडा हलका वळू घेतला, तर बादलीतले दूध कमी होत नाही.

होल्स्टीन, म्हणजे आपली एच. एफ., अंगाने मोठी. तिचे वासरू पस्तीस-चाळीस किलोंपर्यंत भरते. जर्सीचे साधारण पंचवीसच्या आसपास. म्हणून कालवड अंगाने लहान असेल तर पहिल्या खेपेला जर्सीची कांडी बरी. खिलार कालवडीला मोठ्या एच. एफ.चे रेत भरू नका. तिला खिलार वळूच शोभतो. मादी वासरू व्हावे म्हणून वेगळ्या केलेल्या रेताच्या कांड्याही आता मिळतात. त्यांतून दहांतली नऊ वासरे कालवडी होतात, आणि कालवड गोऱ्ह्यापेक्षा थोडी हलकी असते.

एकाच जातीतही वळूवळूंत फरक असतो. परदेशात कोणत्या वळूची वासरे सहज जन्मतात याचे आकडे छापतात. आपल्याकडे ते प्रत्येक वळूचे मिळतीलच असे नाही. पण उपाय आपल्या हातात आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला 'बायफ' ही संस्था उभी केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. आज पुण्यात वारज्याला तिचे मुख्यालय आहे. कांडी कुठल्याही केंद्रातली असो, तिच्यावर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो घरच्या वहीत उतरवा. गाय व्याली की पुढे लिहा: सहज व्याली, ओढावे लागले की डॉक्टर आणावे लागले. शेजाऱ्यांच्या वह्या जुळवल्या की दोन-तीन वर्षांत गावालाच कळेल, कोणता वळू कालवडींना चालतो.

मात्र वळू चांगला आणि कालवड कच्ची, असे झाले तर उपयोग नाही. संकरित कालवड अडीचशे किलोंच्या वर गेल्याशिवाय भरवू नये. काटा नसेल तर टेप घ्या. छातीचा घेर इंचांत मोजा, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ६० आणि लांबी ५० इंच असेल तर वजन सुमारे २७३ किलो येते. शाळेत जाणारी मुलगी हे गणित मिनिटात करून देईल!

आणखी एक. वासरू लहान राहावे म्हणून गाभण कालवडीचा चारा तोडू नका. त्याने कालवडच अशक्त होते आणि कळा द्यायला तिच्यात जोर उरत नाही. फार माजवूही नका. आत चरबी साठली की वाट अरुंद होते.

रेतनाची तारीख लिहून ठेवा. त्यापुढे सुमारे २८० दिवसांनी गोठ्यावर रात्रीची नजर हवी. पाणमोट फुटल्यावर तासाभरात काही पुढे सरकले नाही, तर चार गड्यांनी दोर लावून ओढू नका. १९६२ या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकाला बोलवा.

पुढच्या वेताला हवा तो दुधाळ वळू निवडा. पहिल्या वेताला मात्र दोन जीव सुखरूप मोकळे होणे, हीच मोठी कमाई.