गारवा आमचा, झळ कोणाची?

वातानुकूलन यंत्र ही चैन की गरज, या प्रश्नाचे उत्तर भारत सरकारने २०२५ या एकाच वर्षात दोनदा दिले, आणि दोन्ही वेळा निराळे दिले. जून महिन्यात केंद्रीय ऊर्जामंत्री श्री. मनोहरलाल खट्टर यांनी असे जाहीर केले की, ही यंत्रे २० अंशांखाली आणि २८ अंशांवर चालवता येऊ नयेत असा नियम करण्याचा सरकारचा मनोदय आहे. त्यानंतर तीन महिन्यांनी, २२ सप्टेंबरपासून, याच यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरवण्यात आला. एका हाताने यंत्र स्वस्त करून घरात आणावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याची कळ धरून ठेवावयाची, हा व्यवहार वरवर पाहता विसंगत वाटेल. आमच्या मते तो तसा नाही. औषध स्वस्त असावे आणि त्याची मात्राही ठरलेली असावी, यात विसंगत असे काय आहे? खरी उणीव दुसरीकडेच आहे. यंत्राची किंमत आणि यंत्राची कळ यांच्यामध्ये जे घर उभे आहे, त्याचा विचार या दोन्ही घोषणांत कोठेच दिसत नाही. आणि घराच्या भिंतीबाहेर जो उभा आहे, त्याचा तर त्याहूनही नाही.

या यंत्राचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. माणसाच्या सुखासाठी ते जन्माला आलेच नाही. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे एका छापखान्यात रंगीत छपाईचे काम बिघडू लागले. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आक्रसे, आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसेना. विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याने थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातील बाष्प काढून घेण्याची योजना आखली आणि आधुनिक वातानुकूलनाचा पाया घातला गेला. ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन अभियंत्याने रूढ केले, तेही कापडगिरण्यांत सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा राखण्याच्या संदर्भात. आमच्या गिरणगावातील विणाईखात्यांतही हवा दमट ठेवीत असत. ती सोय सुताची होती, त्याच हवेत घामाने निथळणाऱ्या विणकराची नव्हे. कागद आणि सूत यांची काळजी आधी वाहिली गेली, माणसाचा क्रम मागाहून लागला.

आणि माणसांतही तो क्रम कसा लागला हे पाहण्यासारखे आहे. मुंबईत १९३३ साली उघडलेल्या रीगल चित्रपटगृहाने तिकीट काढून येणाऱ्यास थंड हवेत बसवले. १९३४ साली मुंबई-पेशावर मार्गावरील फ्रंटियर मेलच्या वरच्या वर्गातील प्रवाशांसाठी बर्फाच्या लाद्यांवरून हवा खेळवण्यात आली. पुढे ब्लू स्टार १९४३ साली आणि व्होल्टास १९५४ साली अशा दोन कंपन्या या मुंबईतच स्थापन झाल्या आणि हा धंदा देशभर पसरला; तरीही कित्येक दशके वातानुकूलित खोली हे साहेबाच्या पदाचे लक्षण मानले गेले. लोकलच्या प्रवाशाला मात्र २५ डिसेंबर २०१७ या दिवसापर्यंत थांबावे लागले. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या शीतकरण आराखड्यात देशातील अवघ्या ८ टक्के घरांत हे यंत्र असल्याचे नमूद आहे. ते प्रमाण आता वाढत आहे आणि वाढतच राहणार. याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही.

नाही, कारण उष्णता ही केवळ गैरसोय नसून ती माणसे मारते. २००३ सालच्या उन्हाळ्यात फ्रान्ससारख्या संपन्न देशात सुमारे १५ हजार माणसे उन्हाने दगावली, आणि त्यांत घरांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे संशोधकांनी दाखवून दिले, आणि त्यातूनच २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी मुकाबला करण्याचा आराखडा तयार केला. अमेरिकेत १९६० नंतर उन्हाळ्यातील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले, त्याचे मोठे श्रेय तेथील अभ्यासक घरोघर आलेल्या या यंत्रालाच देतात. तेव्हा ‘आमचे आजोबा पंख्याशिवाय जगले’ हा युक्तिवाद आता पुरे झाला. आजोबांच्या काळी बाहेरची रात्र थंड होत असे, आणि घराची भिंत हातभर जाड होती.

परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे यंत्र गारवा निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. ज्याला आपण बाजारात ‘एक टन’ म्हणतो ते माप बर्फाच्या युगातून आले आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी काढून टाकण्याची ती ताकद असून आजच्या भाषेत ती साडेतीन किलोवॉट भरते. दीड टनाचे यंत्र पूर्ण जोराने चालू असता सव्वापाच किलोवॉट उष्णता खोलीबाहेर ढकलते आणि त्या कामासाठी सुमारे दीड किलोवॉट वीज घेते. ती वीजही अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे खिडकीबाहेर एक किलोवॉटच्या जवळजवळ सात शेगड्या पेटवून ठेवाव्यात, तसे हे झाले. एका घराने हे केले तर वाऱ्यावर विरून जाते. अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या शेकडो घरांनी केले तर ती गल्ली रात्रीही निवत नाही. अमेरिकेतील फिनिक्स शहरासंबंधी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ या यंत्रांच्या उष्णतेमुळे काही भागांत रात्रीचे तापमान एका अंशाहून अधिक वाढत असल्याचे आढळले. फिनिक्सचे रस्ते रुंद आणि घरे विरळ. आमच्या शहरांच्या दाट वस्तीबद्दल वेगळे सांगावयास नको.

दुसरा प्रश्न विजेचा. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉट या विक्रमी पातळीवर गेली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली असा अंदाज वर्तवला होता की, भारतातील कमाल मागणीत शीतकरणाचा वाटा २०१६ साली जो १० टक्के होता, तो २०५० पर्यंत ४५ टक्क्यांवर जाऊ शकेल. यात अधिक बिकट भाग वेळेचा आहे. घरातले यंत्र चालते ते रात्री, आणि सूर्यापासून मिळणारी वीज तर सायंकाळीच मावळते. रात्रीच्या गारव्यासाठी मग कोळसा जाळावा लागतो, कोळशाने हवा अधिक तापते, आणि तापलेल्या हवेसाठी पुन्हा यंत्र हवे. हे दुष्टचक्र मोडण्याचा पहिला मार्ग प्रत्येक घरातूनच जातो.

तो मार्ग फारसा कष्टाचाही नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने यंत्राचा एक अंश वर चढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २० अंशांऐवजी २६ अंशांवर समाधान मानणाऱ्या घराचा या यंत्रापुरता जवळजवळ तिसरा हिस्सा खर्च वाचेल. सोबत छताचा पंखा संथ चालू ठेवला तर अंगाला तेच २६ अंश दोन-तीन अंशांनी कमी भासतात, आणि पंखा यंत्राच्या मानाने नाममात्र वीज घेतो. १८ अंशांवर लावले म्हणजे खोली लवकर थंड होते, हा निव्वळ भ्रम आहे. तापलेल्या खोलीत यंत्र आधीच पूर्ण जोराने चालत असते, पुढे ते केवळ नको तितके थंड करते आणि मध्यरात्री आम्ही चादर ओढतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत पुष्कळदा बाष्प काढणेच पुरेसे असते आणि त्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. शेवटी कॅरियरची मूळ युक्ती तीच नव्हती काय? उलट नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर जे काम थोड्या विजेत करतो, त्यासाठी यंत्राकडे धाव घेण्याची प्रत्येक वेळी गरज नसते. जाळी महिन्यातून एकदोनदा धुवावी. दरवर्षी ‘गॅस भरावा’ लागत असेल तर यंत्रात गळती आहे असे समजून ती बुजवून घ्यावी, कारण हे वायू निरुपद्रवी नाहीत. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे १८०० पट, तर नव्या यंत्रांतील आर-३२ हा सुमारे ६७५ पट तापवणारा आहे. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली करारास भारताने २०२१ साली मान्यता दिली आहे. पण कराराला मान्यता दिल्लीत मिळाली तरी गळती आमच्याच भिंतीवर होत असते.

येथवर नागरिकाचे कर्तव्य झाले. परंतु सगळा भार नागरिकाच्या बोटावर टाकून सरकार आणि नगररचनाकार मोकळे होऊ पाहत असतील, तर ते आम्हांस मान्य नाही. पुण्याच्या जुन्या वाड्यात मधला चौक, जाड भिंती आणि माळवद यांनी दुपार थोपवून धरली होती. चाळीच्या गॅलरीने खोलीवर सावली धरली. मरीन ड्राइव्हवरच्या ज्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांच्या खिडक्यांवरील पसरट छज्जे काही केवळ शोभेसाठी नव्हते. ऊन आणि पाऊस अडवणे हे त्यांचे काम होते. मग ज्या शहराला छज्जा ठाऊक होता, त्या शहरात पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून उघड्या काचेची भिंत उभी करण्याची अवदसा कोणास आठवली? अशा घरात यंत्र हे सुखाचे साधन राहत नाही. वास्तुकाराच्या आणि बांधकाम व्यावसायिकाच्या चुकीचा तो दंड असतो, आणि घर घेणारा तो दरमहा वीजबिलातून भरत राहतो.

यावर कायदा नाही असेही नाही. घरांच्या भिंती, खिडक्या आणि छपरे यांतून किती उष्णता आत यावी याचे मानक ठरवणारी ‘इको-निवास संहिता’ २०१८ सालीच प्रसिद्ध झाली. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतींनाही असे नियम लावण्याची वाट मोकळी झाली. मुंबई महानगरपालिकेने त्याच वर्षी आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. परंतु संहिता दिल्लीत छापली जाते आणि बांधकामाचा नकाशा मंजूर होतो तो पालिकेच्या टेबलावर. त्या टेबलावर चटईक्षेत्राचा हिशेब इंचाइंचाने होतो. भिंतीतून आत येणाऱ्या उष्णतेचा हिशेब तितक्याच काटेकोरपणे का होऊ नये? विकल्या जाणाऱ्या यंत्रावर ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची आहे. त्या यंत्राहून शेकडो पट किमतीचे घर विकताना ते उन्हात किती तापते, हे सांगण्याची सक्ती असावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

राहता राहिला तो, ज्याला ना यंत्र आहे ना भिंत. २०२३ सालच्या एप्रिल महिन्यात खारघर येथे एका शासकीय सोहळ्यास भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण उष्माघाताने मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेने महाराष्ट्र काही दिवस हळहळला आणि मग विसरला. पण पत्र्याच्या छपराखाली राहणारी कुटुंबे, रस्त्यावर डांबर ओतणारे मजूर, भर दुपारी आमच्या दारी जेवणाचा डबा किंवा पार्सल घेऊन येणारी मुले यांना एप्रिल-मे दरवर्षी भेटतात. आमच्या खोलीतून निघालेली उष्णता पहिल्याने यांच्याच अंगावर येते. पत्र्याला पांढरा परावर्तक रंग देणे, मजुरांच्या कामाच्या वेळा दुपारपासून हलवणे, बसथांब्यांवर सावली आणि पाणी ठेवणे, रस्त्याकडेची झाडे राखणे या गोष्टींना यंत्रांइतका पैसा लागत नाही. लागते ती इच्छा. यंत्रांवरील कर दहा टक्क्यांनी उतरवण्याचे औदार्य ज्या सरकारने दाखवले, त्याने आणि त्याच्या राज्यांतील व पालिकांतील सहकाऱ्यांनी एवढी इच्छा दाखवावी ही अपेक्षा अवास्तव खासच नव्हे.

१९०२ साली कागदाची सोय झाली, नंतर सुताची, मग प्रेक्षकाची, मग साहेबाची, आणि आता मध्यमवर्गाची पाळी आली आहे. रांगेत आम्ही पुढे सरकलो, ते योग्यच झाले. पण आपला क्रम लागताच मागे वळून न पाहणे हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण नव्हे. यंत्र घ्यावे, ते २६ अंशांवर चालवावे, आणि ज्या नगरसेवकाकडे आपण खड्ड्यांची तक्रार नेतो, त्याच्याकडेच सावलीची आणि तापणाऱ्या घरांची तक्रारही तितक्याच हट्टाने न्यावी. आपल्या खोलीपुरता गारवा पैशाने विकत घेता येतो. शहराचा गारवा मात्र सर्वांनी मिळूनच राखावा लागतो.