गुण आला; पण कशाने?

बियाण्याचे नवे वाण शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्याची परीक्षा कशी घेतात, हे आमच्या पिंगळीसारख्या गावातील मुलांना फारसे समजावून सांगावे लागत नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ जवळच आहे. नव्या वाणाच्या वाफ्याशेजारी जुन्या वाणाचा वाफा असतो. जमीन तीच, पाऊस तोच, खतही तेवढेच. शेजारचा वाफा नसेल, तर पीक उत्तम आले तरी ते बियाण्यामुळे आले की पावसामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. माझे म्हणणे असे की, जी दक्षता आपण ज्वारीच्या बाबतीत घेतो, ती औषधाच्या बाबतीतही घेतली पाहिजे. ज्या रोगातून पूर्ण बरे करणारा इलाज अजून हाती आलेला नाही, त्याच्या बाबतीत तर ती अधिकच घेतली पाहिजे.

असा एक रोग म्हणजे ड्युशेन स्नायुक्षय. एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच डॉक्टरांचे नाव त्याला मिळाले आहे. जन्माला येणाऱ्या सुमारे ३५०० ते ५००० मुलग्यांमागे एकाला तो होतो. मूल वारंवार पडते, त्याला जिना चढवत नाही, पोटऱ्या मात्र भरदार दिसतात. जमिनीवरून उठताना ते स्वतःच्याच गुडघ्यांवर आणि मांड्यांवर हात टेकत टेकत उभे राहते. बाराव्या वर्षाच्या सुमारास बहुतेकांचे चालणे थांबते. पुढे श्वासाचे आणि हृदयाचे स्नायूही दुबळे होतात.

हे का घडते? स्नायूचा तंतू आकुंचन पावला की त्याच्या आवरणावर ताण पडतो. तंतूच्या आतील सांगाडा आवरणाशी जोडून हा ताण सोसण्याचे काम डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन करते. ते नसेल, तर नेहमीच्या हालचालींनीही आवरणाला इजा होत राहते. तंतू मरतात आणि त्यांची जागा चरबी घेते. या प्रथिनाचे जनुक बोस्टनच्या लुई कंकेल यांच्या गटाने १९८६ साली शोधले, आणि पुढच्याच वर्षी प्रथिनही सापडले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्यामुळे आईला स्वतःला रोग नसताही तो मुलाकडे जाऊ शकतो. परंतु सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो. तेव्हा घरच्यांनी आईला बोल लावणे हा अडाणीपणाच होय.

वरवर सारखे दिसणारे स्नायुरोग मुळात वेगवेगळे असतात, हेही ध्यानात ठेवा. मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर आणि त्यांचे सहकारी यांनी कंबर व खांद्याचे स्नायू झिजवणाऱ्या एका रोगाचा अगरवाल समाजातील कुटुंबांत अभ्यास केला. त्या रोगामागे कॅल्पेन-३ या दुसऱ्याच जनुकातील, पूर्वजांकडून आलेले बदल असल्याचे त्यांनी २०१३ साली दाखवले. म्हणजे ‘स्नायूंच्या अशक्तपणावर रामबाण’ असे म्हणणारा कोणत्या रोगाबद्दल बोलतो आहे, हेच आधी विचारले पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. पाच-सहा वर्षांचे मूल वाढत असते. रोग आतून स्नायू झिजवत असला, तरी काही काळ वाढीचा वेग झिजेपेक्षा अधिक असतो. त्या काळात मूल कालच्यापेक्षा आज थोडे जोरात पळते. नेमके तेव्हाच त्याला एखादा अंगारा, काढा किंवा महागडे इंजेक्शन दिले, तर आईवडील मनापासून म्हणतील, ‘गुण आला!’ ते खोटे बोलत नाहीत. पण त्यांच्याजवळ शेजारचा वाफा नाही.

तो वाफा असला म्हणजे काय होते ते पाहा. १९८९ साली अमेरिकेत १०३ मुलांवर प्रेडनिसोन या स्टेरॉइडची चाचणी झाली. काहींना औषध, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या; कोणाला काय मिळाले, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांची शक्ती खरोखर वाढलेली आढळली. वजन वाढणे, हाडे ठिसूळ होणे असे दोष असूनही स्टेरॉइड आज या रोगाच्या उपचाराचा पाया आहेत.

याउलट १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा मुलांच्या एका दंडात स्नायूंच्या निरोगी मूळ पेशी टोचल्या, दुसऱ्या दंडात नुसतेच पेशीविरहित द्रव. दोन्ही दंडांच्या शक्तीत फरक पडला नाही. कल्पना सुंदर होती. वाफ्यात उगवली नाही.

२०२३ सालचे उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिकेत एका जनुक-उपचाराला मान्यता मिळाली, आणि त्यानंतर चार ते सात वर्षांच्या १२५ मुलांवरील चाचणीचा निकाल आला. दोन्ही गटांना स्टेरॉइड चालूच होते. हालचालींच्या ३४ गुणांच्या परीक्षेत उपचार घेतलेल्यांचे वर्षभरात सरासरी सुमारे २.६ गुण वाढले. उपचार न घेतलेल्यांचेही सुमारे १.९ वाढले! एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. पुढे २०२५ साली हा उपचार घेतलेले, चालणे थांबलेले दोन मुलगे यकृत निकामी होऊन दगावले.

तुम्ही विचाराल, आजारी मुलाला पोकळ औषध देणे हे क्रौर्य नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच पालकांची संमती घेतात, चालू उपचार बंद करत नाहीत, आणि वरील चाचणीत तर तुलनेच्या गटालाही वर्षभराने तोच उपचार देण्याची तरतूद होती. पण पडताळणीवाचून हजारो मुलांना निरुपयोगी किंवा घातक औषध देणे हे त्याहून मोठे क्रौर्य आहे. मूळ पेशींचे उपचार या रोगावर पैसे घेऊन केले जातात. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा वापर करू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यासाठी कोणी जमीन विकू नये.

शिक्षकांना एक विनंती. कवायतीच्या तासाला वर सांगितल्याप्रमाणे मांड्यांवर हात टेकत उठणारा मुलगा दिसला, तर त्याला आळशी म्हणू नका; त्याच्या पालकांना डॉक्टरांकडे जाऊन रक्तातील सी.पी.के. तपासून घ्यायला सांगा. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात हा रोग समाविष्ट आहे, आणि मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्या धोरणातील एक केंद्र आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, कोणी ‘अमक्याला गुण आला’ असे सांगितले, तर नम्रपणे एवढेच विचारा: ज्यांनी ते औषध घेतले नाही, त्यांचे काय झाले?