मैत्रीत आभार मानावेत

मोठी माणसे म्हणतात, मैत्रीत आभार कसले? मला हे पटत नाही. दुकानदाराचे नाही मानले तरी चालतील, तो पैसे घेतो. पण ओढ्यातून येताना माझी पुस्तकं भिजतात, हे माझ्या मित्राने पाहिले. मी काही मागितलं नव्हतं. त्याने युरियाची ४५ किलोची रिकामी गोणी हापशावर तीनदा धुतली आणि दाभण-सुतळीने शिवून दप्तर केले. झाकणाला बटण चक्क जुन्या सदऱ्याचे! मुले मला 'खतवाला' म्हणून हसली. हसू देत. श्रावणात एक पान भिजले नाही. दिवाळीनंतर तो आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलाय, उन्हाळ्यातच येईल. त्याचे आभार मी इथे लिहितो. गुरुजी, तो येईपर्यंत हा कागद भिंतीवरून काढू नका.