रांजण नव्हे, भिंत वाचा : नाणेघाटाविषयी एक धागा

आषाढ लागला की नाणेघाटाच्या चित्रफितींना पूर येतो. वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा, धुक्यात बुडालेला नानाचा अंगठा आणि शेवटी ठरलेला दगडी रांजण. खाली मजकूरही ठरलेला : ‘जगातील पहिला टोलनाका. सातवाहन काळी व्यापारी या रांजणात जकातीची नाणी टाकीत.’ हजारो जण तो पुढे पाठवतात. त्या रांजणापासून थोड्याच अंतरावर, घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेच्या भिंतींवर एका राणीने दोन हजार वर्षांपूर्वी काय लिहवून ठेवले, हे मात्र त्यांतील क्वचितच कोणी सांगतो. हा धागा त्या भिंतींच्या बाजूने आणि रांजणाच्या विरोधात आहे.

प्रथम रांजणाचे पाहू. नाणेघाट हा जुन्नरच्या पठारावरून कोकणात उतरणारा प्राचीन मार्ग. एका टोकाला सोपारा आणि कल्याण ही बंदरे, दुसऱ्या टोकाला जुन्नर आणि त्याही पलीकडे प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. अशा वाटेवर राजसत्ता शुल्क घेत नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अर्थशास्त्रात शुल्काची सविस्तर व्यवस्था सांगितलेली आहे. तेव्हा येथे जकात घेतली जात असावी, हे अनुमान रास्त आहे. परंतु ‘जकात घेतली जात असावी’ आणि ‘ती याच रांजणात टाकली जात असे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले अनुमान आहे, दुसरी परंपरेने चालत आलेली कथा. गुहेतील लेखाचा जो भाग वाचता येतो, त्यात ना जकातीचा उल्लेख आहे, ना रांजणाचा. एकाच दगडात कोरलेल्या भांड्याचा काळ नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. आणि उघड्या तोंडाच्या भांड्यात, डोंगराच्या माथ्यावर, राज्याचा महसूल साठवणारा राजा कसला? (घाटाच्या नावात ‘नाणे’ आहे, हा पुरावा म्हणून मांडणारेही भेटतात. त्याच न्यायाने नानाच्या अंगठ्यावरून नाना नावाचा राजाही सिद्ध करता येईल.)

कथा सांगू नयेत असे माझे म्हणणे नाही. कथा ही कथा म्हणून सांगावी. आक्षेप आहे तो तिने पुराव्याची जागा बळकावण्याला.

आता भिंतींकडे वळू. १८२८ साली विल्यम साइक्स यांनी या लेखाची नोंद घेतली. पुढे जेम्स प्रिन्सेप यांनी तो वाचण्याचा प्रयत्न केला. जुनागढचे भगवानलाल इंद्रजी यांनी त्यावर कष्ट घेतले आणि १८८३ साली ब्यूलर यांनी पाठ प्रसिद्ध केला. डाव्या-उजव्या भिंतींवर मिळून वीस ओळी आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. मागच्या भिंतीवर आठ मूर्ती होत्या आणि त्यांच्या वर नावे : सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. मूर्ती नाहीशा झाल्या, नावे उरली. म्हणजे ही गुहा भिक्षूंचा विहार नव्हे. एका राजघराण्याने वर्दळीच्या वाटेवर मांडलेले ते कुटुंबचित्र होते. सोपाऱ्याहून चढून आलेल्या प्रत्येक दमलेल्या माणसाने वर पोहोचताच पाहावे, राज्य कोणाचे आहे ते.

मोठ्या लेखातील राणी बहुतेक हीच नायनिका, जिला आपण नागनिका म्हणतो. ‘बहुतेक’ असे म्हणतो, कारण त्या ओळींत तिचे नाव जिथे असायला हवे तिथला दगड झिजला आहे. मूर्तीवरील नावाशी ताडून अभ्यासकांनी ते ठरवले. ती महारठीची कन्या, राजाची पत्नी, वेदिसिरी आणि सतिसिरी यांची माता. लेख तिला महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखे जगणारी म्हणतो. आणि मग येते यज्ञांची यादी : अश्वमेध, राजसूय, गवामयन, आप्तोर्याम आणि इतर. प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा दिलेली आहे. एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती. चांदीच्या १७ घागरी. दुसरीकडे २४,४०० कार्षापणे. एखाद्या कारकुनाने हिशेबाची वही उघडावी, तसा हा लेख आहे.

त्या हिशेबामुळेच नाणेघाट गणिताच्या इतिहासात गेला. भारतातील अंकचिन्हांचा इतका मोठा संच ज्या अगदी जुन्या लेखांत मिळतो, त्यांत याची गणना होते. २, ४, ६, ७ आणि ९ यांच्या खुणा येथे दिसतात. त्यांतील काहींची वळणे आजच्या अंकांचे पूर्वज म्हणून ओळखता येतात. पण येथेही अतिउत्साही मंडळी थांबत नाहीत. ‘नाणेघाटात शून्य सापडले’, असे मी निदान चार ठिकाणी वाचले. शून्य येथे नाही, आणि ते असण्याची गरजही नव्हती. या पद्धतीत दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. १,७०० लिहायचे तर आधी हजाराचे चिन्ह, मग शंभराच्या चिन्हाला जोडलेले सातचे चिन्ह. स्थानमूल्य पद्धती नंतरची आहे. जे येथे नाही ते चिकटवल्याने, जे खरोखर आहे त्याचेही मोल लोकांच्या नजरेतून उतरते.

अशीच ओढाताण धर्मावरून चालते. एक गट या गुहेला सरसकट ‘बौद्ध लेणे’ म्हणून मोकळा होतो. दुसरा गट यज्ञांची यादी नाचवत सातवाहनांना आजच्या वादात साक्षीदार म्हणून उभे करतो. लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे, तेव्हा पहिल्या गटाचे म्हणणे टिकत नाही. पण दुसऱ्यांनी नाशिकपर्यंतही जावे. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात ती आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला अद्वितीय ब्राह्मण म्हणून गौरवते आणि त्याच लेखात ते लेणे भदायनीय बौद्ध भिक्षूंना अर्पण करते. तिला यात विसंगती वाटली नाही. ती आपल्याला वाटते, हा दोष तिचा नव्हे.

‘महारठी’ या शब्दाचेही असेच हाल आहेत. तो शब्द दिसताच त्यातून आजची जात थेट वाचणारे बरेच आहेत. सातवाहन काळात ते एक पद वा बिरुद होते, मोठ्या सरदार घराण्यांनी मिरवलेले. ‘महाराष्ट्र’ या नावाशी त्याचा संबंध काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. नागनिकेच्या माहेराचे वजन मोठे होते, एवढे मात्र निश्चित. एरवी सासरच्या राजघराण्याच्या ओळीत महारठीची मूर्ती कोण उभी करील?

काळाविषयी एक खुलासा. समाजमाध्यमांवर लेखाचे वय मनाला येईल तसे वाढवले जाते. ब्यूलर यांनी तो इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात ठेवला होता. अक्षरांच्या वळणावरून आज बहुतेक अभ्यासक त्याला इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानतात. पाचशे वर्षे वाढवल्याने राणी मोठी होत नाही.

आणि व्यापाराचा पुरावाच हवा असेल, तर तोही घाटातच आहे. पण रांजणात नाही. येथल्या पाण्याच्या टाक्यापाशी एक छोटासा लेख आहे : सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलेली पोढी. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. कान्हेरीच्या लेखांतही हाच शब्द भेटतो. एवढीच ओळ. बंदरातल्या एका माणसाने, घाट चढून येणाऱ्यांची तहान ओळखून, स्वतःच्या पैशाने पाण्याची सोय केली आणि आपले नाव व गाव लिहवले. बंदर, घाट आणि वाटसरू या तिघांना जोडणारा हा दुवा दगडावर अक्षरांत उभा आहे. त्याच्यासाठी मात्र कोणी चित्रफीत काढत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्याच मंडळींविषयी, कारण पर्यटकांना दोष देणे सोपे आहे. अक्षरे छायाचित्रात उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरणारे, ओले फडके फिरवणारे, बोटाने कोरीव वळणे गिरवणारे बहुधा इतिहासप्रेमीच असतात. त्या ओळींतील राणीचे नाव आधीच गेले आहे. पावसाने आणि वाऱ्याने जे करायचे ते केले. उरलेल्यात आपली भर नको. तिरप्या उजेडात, कडेने पडणाऱ्या विजेरीच्या प्रकाशात, हात न लावता अक्षरे उत्तम दिसतात. पाठ हवा असेल तर तो छापील स्वरूपात शंभराहून अधिक वर्षे उपलब्ध आहे.

रांजण जकातीचाच होता, असे सांगणारा समकालीन लेख कोणाला ठाऊक असेल, तर त्याने या धाग्याखाली त्याचे ठिकाण आणि पाठ द्यावा. ‘आम्ही लहानपणापासून ऐकत आलो’ हे उत्तर चालणार नाही.