बॉयलरची प्लेट आणि व्यापाऱ्याची अमानत

कोकणातले आपले कितीतरी तरुण आखाती देशांत वेल्डिंग-फॅब्रिकेशनचे काम शिकून आले. मुरुडपासून जवळच रोह्याची धाटाव एमआयडीसी आहे, तिथे बॉयलर आणि दाबाच्या टाक्यांची गरज असते. बंदरावर बर्फाचा कारखाना म्हटला की अमोनियाची टाकी आलीच. ही कामे आपल्या कारागिरांनी जरूर घ्यावीत. मात्र प्लेट घेताना होणाऱ्या बेपर्वाईबद्दल स्पष्ट बोलणे आम्हाला भाग आहे.

‘लोखंड ते लोखंड’ हा समज घातक आहे. आय.एस. २०६२ ची प्लेट शेड, पूल, गर्डरसाठी, बॉयलरसाठी आय.एस. २००२ हे वेगळे मानक आहे. अमेरिकन मानकांत उष्णतेच्या कामाला ए ५१५, तर मध्यम व थंड तापमानाच्या टाकीला ए ५१६ घेतात, कारण चुकीचे पोलाद थंडीत ठिसूळ होऊन तडकते. सुमारे ४२५ अंश सेल्सिअसच्या वर वर्षानुवर्षे तापणाऱ्या भागाला तर साधे कार्बन पोलाद नकोच.

मुंबईच्या दारुखान्यातली जहाजाची जुनी प्लेट स्वस्त पडते, हे खरे. गेटला ती चालेल. पण तिचा हीट नंबर कोण सांगणार? चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब म्हणजे एका चौरस मीटरवर १०० टनांचा रेटा! प्लेटच्या पोटातला पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही. त्याला अल्ट्रासॉनिक तपासणीच लागते.

कलकत्त्यात १८६३ साली बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हा १८६४ साली बंगालात कायदा झाला. पुढे देशभरासाठी १९२३ चा कायदा आला. आता त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. पण इन्स्पेक्टर येण्याआधी प्लेट निवडतो तो व्यापारीच.

म्हणून मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागा. त्यावरचा हीट नंबर प्लेटवरच्या ठशाशी ताडून पाहा. प्लेट कापण्यापूर्वी तो ठसा उरणाऱ्या तुकड्यावरही उतरवा. सर्टिफिकेट एका मालाचे आणि प्लेट दुसरीच, असा सौदा कितीही नफ्याचा असला तरी सोडा.

बाजारात वर कोरडे आणि खाली भिजलेले धान्य ठेवणाऱ्याला हजरत पैगंबर (स.) यांनी कसे खडसावले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. खोट्या प्लेटचा सौदा त्याहून वेगळा नाही. तिथे गिऱ्हाइकाचे पैसे बुडत होते, इथे भट्टीपुढे उभ्या असलेल्या फायरमनचा जीव जातो. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.