लॉक किया जाए?

लॅपटॉपच्या सॅकला लटकवलेला रंगीत कॅराबिनर जाम कूल दिसतो. दिसू दे. पण तो किल्ल्यांसाठी, झाडावर चढायला नव्हे!

वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’नं आग्या मोहोळाचा मध माशा न मारता काढायचं तंत्र शिकवलं. ही पोळी असतात उंच फांदीवर. तिथं दोन्ही हात कामात असले, की सगळा भरवसा दोरावर आणि कॅराबिनरवर.

मग फंडा काय? आधी त्यावर कोरलेले आकडे वाचा. लांबीच्या दिशेनं २३ किलोन्यूटन म्हणजे साधारण २,३०० किलो वजनाइतका ताण. तोच कॅराबिनर आडवा पडला किंवा गेट उघडं राहिलं, तर ताकद येते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. स्क्रूचं लॉक सालीला, दोराला घासून फिरू शकतं. म्हणून झाडावर आपोआप लागणारं, तीन हालचालींनी उघडणारं लॉकच बरं. लागलं की गेट दाबून बघायचं. ओंडके उतरवायला वापरलेल्या कॅराबिनरवर मात्र जीव टांगायचा नाही. त्यानं खाल्लेले झटके वरून दिसत नाहीत.

सोसायटीतला कडुनिंब छाटायला माणूस बोलावताय? भाव करण्याआधी त्याच्या कमरेला काय आहे, ते बघा.